मधल्या रांगेतली डावी सीट

६ जुलै

माप-वहीची पन्नासेक पानं कोरी उरली होती. दुकान सोडून दोन वर्षं होतील, आता कुणाच्या सीटचं माप लिहिणार? रद्दीत द्यायला जीव होईना. आजपासून यात घरचंच लिहितो. कुणी वाचलं तर वाचू दे, खोटं काही लिहिणार नाही.

निलेश सकाळपासून सोफ्यावर लोळत मोबाइलवर गाड्या बघतोय. सात सीटवाली मोठी गाडी घ्यायची, ठरलंय. "आईसाठी घेतोय, बाबा." सूनबाई, सायली, तीही तेच. "आईंसाठीच." मी म्हटलं, आईला विचारलंत? दोघं परत मोबाइलमध्ये गेले.

आई तेव्हा सहा फुटांवर दिवाणाच्या कोपऱ्यात बसून भेंडी पुसत होती. तिने मान वर केली नाही.

७ जुलै

विषय नीट मांडून ठेवतो, नाहीतर चिडचिडीत राहून जाईल.

गेल्या वर्षी शालिनी, निलेशची आई (पुढे नुसतं शा. लिहीन), बाथरूममध्ये घसरली. कमरेचं ऑपरेशन, आत दोन स्क्रू. चालते बरी. बसणं जमत नाही. साध्या खुर्चीत चाळीस मिनिटं, मग ती बोलायची थांबते. विव्हळणं वगैरे नाही. गप्प होते, एवढंच. ती गप्प झाली की मला कळतं.

सायलीचं लग्न डिसेंबरात झालं. या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रात येतायत, म्हणजे नव्या सुनेचा पहिला ओवसा याच वर्षी. गावच्या घरी गौरीपुढे भरलेली सुपं ओवसायची, म्हणजे ओवाळायची, आणि पहिलं सूप सासूच्या हातात द्यायचं. पुढच्या वर्षी अधिक महिना, पूर्वा चुकते. आत्ता नाही तर एकदम दोन वर्षांनी. शा. लग्न ठरल्या दिवसापासून त्या सुपाची वाट बघतेय. गेले गणपती तिने हॉस्पिटलात काढले.

मीरा रोड ते आमची वाडी, आठ तास. रेल्वेची तिकिटं उघडल्या उघडल्या संपली. मिळाली असती तरी स्टेशनपासून पुढे दोन तास आदळआपट होतीच. तेव्हा गाडी. आणि गाडी म्हणजे सीट. बाकी सगळं त्यानंतर.

मी एकतीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या. या विषयावर या घरात मला अजून कुणी काही विचारलेलं नाही. नोंद करून ठेवतो.

१२ जुलै

हायवेवरचं पहिलं शोरूम. काचेचं, थंडगार. चार गाड्या, वीस माणसं, आणि सगळी एकाच ठिकाणी जमलेली: स्टीअरिंगशेजारच्या पडद्यापाशी. आमच्या देवघराहून मोठा पडदा. हवा त्यातून, गाणी त्यातून, नकाशा त्यातून. निलेश म्हणाला, "बोललं तरी ऐकते गाडी." आणि इंग्रजीत तिला छप्पर उघडायला सांगितलं. उघडलं. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या.

मी मधल्या रांगेत गेलो. सीटवर मूठ रोवली, दहा आकडे मोजले, सोडली. खड्डा हळूहळू, आळस देत वर आला. म्हणजे फोम मऊ. शोरूममध्ये पाच मिनिटं टेकणाऱ्याला स्वर्ग. तासाभराने तोच फोम बसकण मारतो आणि हाड खालच्या पत्र्याला जाऊन भेटतं.

सेल्सची मुलगी: "काका, लेदर आहे, प्रीमियम."

"ताई, हे रेक्झिन आहे."

"लेदरेट म्हणतात त्याला."

"म्हणू देत. मी एकतीस वर्षं रेक्झिनच म्हणत आलोय."

तिसऱ्या रांगेत गुडघे हनुवटीला लागले. तिथे म्हणे दोन मोठी माणसं आरामात बसतात. कोणती ती दाखवा, म्हटलं. निलेश कानाशी येऊन, "बाबा, प्लीज. इथे नको." का नको? सीट विकायला ठेवलीय ना? मग मी बसून बघणार, दाबून बघणार आणि वास घेऊनही बघणार.

पडदा: दहापैकी दहा. बैठक: चार.

१३ जुलै

दुसरं शोरूम. आज शा.ला घेऊन गेलो. निलेशचं म्हणणं, तिला कशाला त्रास. मी म्हटलं, पाय एकाचा आणि चप्पल घालून बघणार दुसरा, हे कुठलं शास्त्र?

पुढची सीट बटणावर पुढेमागे होते, खालून गार वारा सोडते. पण दोन्ही कडांना मोठे फुगवटे. त्यावरून कंबर उचलून आत सरकणं तिला जमत नाही, डॉक्टरांची मनाई आहे. पुढची बाद. मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा. डावीवर ती सहज टेकली, पाय आत घेतले. पायरी तिच्या उंचीला बरोबर.

म्हटलं, आता इथेच बस, चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावतो.

मॅनेजर आला. "सर, आपण टेस्ट ड्राइव्ह अरेंज करू ना." म्हटलं, टेस्टच चाललीय. दोनदा कॉफी आली. एक जोडपं गाडी बघायला दार उघडतं तर आत शा. तिने नमस्कार केला आणि डिकी कुठून उघडते तेही दाखवलं. सायली मोबाइलमध्ये तोंड खुपसून हसत होती. निलेश लांब, दुसऱ्याच गाडीजवळ, आमची ओळख नसल्यासारखा.

सव्वीस मिनिटांनी गप्प झाली.

परतीच्या रिक्षात म्हणाली, "खिडकी मोठी आहे हो. डोंगर दिसतील." म्हणजे तिला हीच हवी. सीट बसवत नाही आणि हवी हीच.

१६ जुलै

सायलीने मोबाइलवर तक्ता केलाय. पाच गाड्या, तेवीस मुद्दे. आवाज किती दिशांनी येतो, कॅमेरे किती, दाराला रंगीत दिवे आहेत का. कम्फर्ट एकोणिसावा, रंगीत दिव्यांच्या खाली. मुलगी हुशार आहे, मनापासून करते. मी विचारलं, हा कम्फर्ट मोजलास कसा?

"रिव्ह्यूमध्ये स्टार असतात ना, बाबा."

"त्या स्टार देणाऱ्याच्या कमरेत स्क्रू आहेत का?"

ती हसली. निलेश हसला नाही. म्हणाला, "बाबा, गाड्या कुठल्या कुठे गेल्या आता. सीट ही सीट असते."

हे माझ्या घरात. ज्याला सीटा शिवून वाढवला त्याने. पारा असा चढला की ताटावरून उठलो. नंतर शा.ने झाकून ठेवलेलं जेवलो, ते वेगळं.

२० जुलै

मोठ्या खिडकीवाली बुक केली. पांढरी. शा. "छान आहे" म्हणाली. सीटबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. माझं काय ते ठरलंय. इथेही लिहीत नाही.

३ ऑगस्ट

गाडी आली. नारळ, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. बेव्हर्ली पार्कातली अर्धी बिल्डिंग आत डोकावून गेली, सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत. सगळ्यांनी पडदाच पाहिला.

सीटांवरचं प्लास्टिक काढायचं नाही, असा निलेशचा हुकूम. "गणपतीपर्यंत राहू दे, नवीन राहील." हे मी एकतीस वर्षं बघत आलोय. लोक दुकानात येऊन तासभर कापड निवडायचे, शिवून घ्यायचे, आणि वर प्लास्टिक चढवून त्यावर घाम गाळत बसायचे. कापड जपायचं कुणासाठी, गाडी विकत घेणाऱ्या पुढच्या माणसासाठी? मी घरातून ब्लेड आणलं आणि मधल्या रांगेतल्या डाव्या सीटचं प्लास्टिक फाडून काढलं. त्या एकाच सीटचं. बाकीच्यांनी खुशाल चिकटून बसावं.

निलेश दिवसभर बोलला नाही. पेढे मात्र माझ्यासमोर ठेवले.

५ ऑगस्ट

ऊन उतरल्यावर पहिली फेरी. भाईंदर पश्चिमेहून राई गावापर्यंत. रस्ता खणलेला, म्हणून मुद्दामच तो निवडला, गावच्या रस्त्याची रंगीत तालीम. गाडी बोललेलं ऐकते, पण मराठी ऐकत नाही. शा.ने दोनदा "हवा कमी कर गं" असं प्रेमाने सांगून बघितलं. शेवटी सायलीने इंग्रजीत सांगितलं.

राईच्या नाक्यावर एक म्हातारी कोलीम, बारीक जवळा, विकायला बसली होती. आत वाकून म्हणाली, "नवी गारी हाय वाटतं? बाईला उतरवा की जरा, वारा खाईल."

शा. हसून, "नको मावशी, उतरले तर परत चढायची नाही."

ते हसणं खरं नव्हतं. सदतीस मिनिटं झाली होती.

घरी येऊन भात लावता लावता मला म्हणाली, "तुम्ही जा सगळे. ओवसा काही माझ्यावाचून अडत नाही. पहिलं सूप मोठ्या जाऊबाईंच्या हातात द्यायला सांगा सायलीला."

आवाज अगदी साधा. कुकरची शिट्टी नीट बसवून गेली आत. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. तूर्त सीट बनवणाऱ्याचा.

६ ऑगस्ट

निलेश ऑफिसच्या कामाने पुण्याला, शुक्रवारी परत. सायली दिवसभर ऑफिसात. याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

हाटकेशला गेलो. माझं दुकान आता सलीमभाई चालवतात. वीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर कापड कापलंय. त्यांना सगळं सांगितलं.

"उस्ताद, नई गाड़ी है. तीन दिन हुए. गॅरंटी चली जाएगी."

"जाऊ दे."

"बेटा बोलेगा."

"बोलेल. त्याला तोंड आहे."

"भाभी को पूछा?"

मी फोमचे तुकडे चाचपायला लागलो. कोपऱ्यात एक चांगला कडक तुकडा होता, तो बाजूला ठेवायला सांगितला.

७ ऑगस्ट

शा. व्यायामाच्या बाईंकडे गेली, तेवढ्यात माप घेतलं.

घरात एकाच ठिकाणी ती दोन दोन तास बसते: दिवाणाचा स्वयंपाकघराकडचा कोपरा. ती गादी मीच भरलेली. वर्षभरात तिथे खळगा पडलाय. सुतळी आडवी लावली, उभी लावली, दर दोन बोटांवर खोली मोजली. आम्ही गिऱ्हाइकाचं माप असंच घ्यायचो. त्याला नव्या सीटवर बसवून काही कळत नाही, नव्यावर माणूस ताठ बसतो. त्याची जुनी सीट आणायला सांगायची. टॅक्सीवाले जुनी गादी डोक्यावर घेऊन यायचे, ती बघून मी सांगायचो, तुमचा डावा पाय दुखतो. कधी चुकलो नाही.

एकोणीस आकडे. मागच्या पानावर लिहिलेत.

दुपारी सलीमभाई नटबोल्टचे पाने घेऊन पार्किंगमध्ये आले. डाव्या सीटची बसायची गादी तेवढी काढली. बेल्ट वेगळ्या बोल्टवर असतो, त्याला हातही लावला नाही. वॉचमन धावत आला: "अंकल, पार्किंग में काम करने का परमिशन नहीं है." म्हटलं, काम कुठे, साफसफाई चाललीय. गादी चादरीत गुंडाळून रिक्षात घातली.

८ ऑगस्ट

कव्हर सोडवलं. सोळा कड्या, एकही वाकू दिली नाही. हात विसरलेला नाही.

कव्हरच्या खाली, फोमच्या वर, एक पातळ काळी पट्टी निघाली. तिला वायर. आमच्या वेळी सीटमध्ये फोम, स्प्रिंग आणि फार तर एखाद्याचा हरवलेला कंगवा. वायर कधी पाहिली नाही. सलीमभाई म्हणाले, किसी को फोन करके पूछते हैं. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, तुटू नये म्हणून तळाशी ठेवू. फोमच्या खाली नीट चिकटवून टाकली.

तळाला कडक थर, वर मध्यम. माकडहाडाखाली दिवाणाच्या मापाचा खळगा. मांडीकडची धार एक बोट उतरती. वर तेच कव्हर. शिवणाऱ्याला स्वतःला दाखवलं तरी ओळखता येणार नाही.

चार वाजता सीट जागेवर. शा.ला खाली बोलावलं, सांगितलं काहीच नाही. बसली. मी शेजारच्या सीटवर, घड्याळ मांडीवर. पाऊण तास. एक तास. ती बोलतेय! मामेबहिणीच्या मुलीचं लग्न, सोसायटीचं पाणी, सायलीला कुठली साडी शोभेल. एक तास वीस मिनिटं ती बोलत होती. मग चहाची वेळ झाली म्हणून उतरलो.

एवढा आनंद मला दुकानाच्या उद्घाटनाला झाला नव्हता.

९ ऑगस्ट

भडका.

सकाळी निलेश सगळ्यांना घेऊन फेरीला निघाला. पडद्यावर कोण कुठे बसलंय त्याची छोटी चित्रं असतात. सीटवर बसलं की चित्र उजळतं, बेल्ट नसेल तर लाल होतं आणि टिंग टिंग वाजतं. सायलीच्या लक्षात आलं. गाडीत चौघं, चित्रं तीन. डावी सीट रिकामी. शा. तिथे बेल्ट न लावता बसलेली आणि गाडी गप्प.

सायलीने सीटवर हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकलं. दिवाण, सुतळी, पट्टी, सगळं. लपवायचं कशाला?

निलेश: "नवी गाडी फाडलीत तुम्ही? सहा दिवस झाले, बाबा, सहा दिवस!" पार्किंगमध्ये, चार माणसांदेखत. "आता गाडीला आई दिसतच नाहीये!"

मी: "तुला तरी कुठे दिसली? तेवीस मुद्दे काढलेत, एकदा तरी विचारलंत तिला?"

 सायली खाली बघायला लागली. मी छाती काढून उभा.

तेवढ्यात गाडीतून शा.: "आणि तुम्ही?"

मला वाटलं निलेशला विचारतेय.

"तुम्हालाच विचारतेय. माझ्या माघारी दिवाण मोजलात, माझ्या माघारी सीट कापलीत. शोरूममध्ये 'इथे बस, चाळीस मिनिटं.' बसले. काल 'खाली ये.' आले. एकतीस वर्षं येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत होतात ना, साहेब, बसतंय ना नीट? मला कधी विचारलंत?"

उतरली, लिफ्टने वर गेली. सीट चांगली झाली की वाईट, तेही सांगितलं नाही.

१२ ऑगस्ट

सर्व्हिस सेंटर. तिथल्या माणसाने सीट दाबून बघितली, कॉम्प्युटर जोडला. म्हणाला, पट्टी कव्हरच्या लगेच खाली हवी, एवढ्या फोमखालून तिला माणूस कळत नाही. उघडलेल्या सीटला आम्ही हात लावत नाही, तिची गॅरंटी संपली. नवीन गादी मागवू, येईल गणपतीनंतर.

"मागवू नका," मी म्हटलं.

"बाबा!"

"नवी येईल तीही तसलीच येणार. मग काय उपयोग?"

आणि त्या माणसाला म्हटलं, एवढा पडदा केलात, बोललेलं ऐकणारा, छप्पर उघडणारा. माणसाच्या बुडाखाली चार बोटं फोम नीट भरता आला नाही? तो म्हणाला, "सर, तुमचा फीडबॅक पाठवतो." पाठव बाबा.

पट्टीची चूक माझी. विचारायला हवं होतं. हे इथे कबूल, तिथे कबूल केलं नाही आणि करणारही नव्हतो.

१४ ऑगस्ट

घरात चौघांची तोंडं चार दिशांना. शा. कामापुरतं बोलते. काल विचारायचं ठरवून स्वयंपाकघरात गेलो आणि "पाणी आलं का" विचारून परत आलो. परक्या माणसांना हजार वेळा विचारलेलं वाक्य आहे. घरात तोंडातून निघत नाही. मला स्वतःचीच चीड आलीय, आणि ती काढायला समोर कुणी नाही.

१५ ऑगस्ट

खाली झेंडावंदन झालं. वर येऊन दिवाणाच्या टोकाला बसलो. म्हटलं, "सीट परत उघडायचीय. हाटकेशला येशील?"

"मी कशाला?"

"सांगायला."

मेथी निवडत राहिली. अर्धी जुडी संपली तेव्हा म्हणाली, "रविवारी येईन. पण दिवाणावरची माझी उशी घेऊन. तुमच्या दुकानातल्या स्टुलावर बसणार नाही."

१७ ऑगस्ट

निलेशने स्वतः गाडी हाटकेशला आणली. तोंड फुगलेलं, पण आणली. सायली सोबत. शा. दुकानात पहिल्यांदाच आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

सलीमभाईंनी चहा सांगितला. मी गादी टेबलावर ठेवली, कव्हर सोडवलं, खळगा दाखवला. हुबेहूब दिवाणासारखा.

शा.ने बोट घालून बघितलं. "हा कशाला?"

"तू बसतेस तिथलाच आहे."

"मी खळग्यात कुठे बसते? खळग्यात उशी ठेवते आणि काठावर बसते. खळगा पडला म्हणून तर उशी घ्यावी लागली."

एकोणीस आकडे घेतले होते मी. माप घेताना उशी उचलून बाजूला ठेवली होती.

"मग त्या दिवशी तास वीस मिनिटं?"

"पाऊण तासाने दुखायला लागलं."

"बोलत होतीस की!"

"गप्प झाले की तुमचा चेहरा बघवत नाही. आणि तुम्ही एवढे खूश होतात."

सलीमभाई दोरा आणायला आत गेले. दोरा टेबलावरच होता. माझे हात फोमवर होते, ते तिथेच राहिले. लाज वाटली. ती किती वेळा अशी बोलत राहिली असेल, ते विचारायची हिंमत झाली नाही.

मग तिने सांगितलं आणि आम्ही केलं. चार वेळा फोम काढला, चार वेळा घातला. "डावीकडे चढतोय. आता फार उतरवलात. मागे आणखी. नाही, मागे म्हणजे मागे हो!" सलीमभाई "जी भाभी" म्हणून कापत होते. आईचा हा आवाज निलेशने कधी ऐकला नसावा, तो तोंड उघडं टाकून उभा होता. सायलीने मोबाइलवर बघून पट्टीची जागा सांगितली, कव्हरच्या लगेच खाली. या वेळी मी ऐकलं.

१९ ऑगस्ट

आता उलटी तऱ्हा. कव्हर ताणून बसलंय, पट्टी कायम दाबलेली. सीटवर कुणी नसलं तरी गाडीचं म्हणणं, डावीकडे माणूस आहे, बेल्ट लावा. टिंग टिंग टिंग.

काल निलेश ऑफिसला एकटा निघाला. गेटपाशी गाडी थांबली. उतरला, मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटचा बेल्ट लावला, दार आपटलं, गेला. मी गॅलरीतून बघत होतो.

परत आल्यावर म्हटलं, पुन्हा उघडून कव्हर सैल करू. म्हणाला, "हात लावू नका आता. रोज सकाळी आईचा बेल्ट लावायचा आणि निघायचं. होईल सवय." चिडून म्हणाला. पण आज सकाळी दार आपटलं नाही.

२२ ऑगस्ट

काल आणि आज शा. तासभर सीटवर. काल मध्येच म्हणाली, "दुखतंय," आणि उतरली. पंचावन्न मिनिटं. मला बरं वाटलं, काय सांगू. डॉक्टर म्हणाले, तासातासाला उतरून चाला, मग जमेल बहुतेक, खात्री देत नाही.

जायचं की नाही, ती बोलत नाही. सायलीची सुपं तिच्या माहेरून आली, हॉलमध्ये रचून ठेवलीत. शा. येता-जाता त्यांना हात लावते.

दुपारी मोठ्या जाऊबाईंचा फोन. स्पीकरवर होता. "शालू, कशाला हट्ट करतेस? मी आहे ना इथे सूप घ्यायला. तू आराम कर."

शा. म्हणाली, "बघते." फोन ठेवला.  मग मला म्हणाली, "माळ्यावरून बॅग काढून द्या."

२४ ऑगस्ट

माणगावच्या पुढे, एका चहाच्या टपरीवर, बाकड्यावर बसून लिहितोय. सकाळी सहाला निघालो. साडेचार तास झाले आणि निम्मी वाटही सरली नाही. रस्ता गणपतीच्या गाड्यांनी भरलाय.

निलेशने त्या पडद्यावर तासातासाचा गजर लावलाय. वाजला की गाडी कडेला, शा. खाली, सायलीचा हात धरून शंभर पावलं. पडद्याचा एवढा तरी उपयोग झाला. एक गुण वाढवून देतो.

पहिला तास चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्यात दोनदा उतरली. चौथ्यात खिडकीबाहेर बघत होती, मध्येच डोंगर दाखवत होती. पूर्वी तिचं बोलणं थांबलं की मला कळायचं. आता बोलण्यावरून कळत नाही, गप्प राहण्यावरूनही नाही.

आत्ता निघायची वेळ झाली तेव्हा ती सीटवर बसलेली, दार उघडं. निलेश आणि सायली चहाचे ग्लास घेऊन बाजूला. मी दाराशी गेलो आणि सगळ्यांदेखत विचारलं, "शालू, बसतंय ना नीट?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाली.

 निलेशने ग्लास खाली ठेवला. "आई, परत फिरू या का? खरंच. मी फिरवतो गाडी."

"नीट बसत नाहीये म्हटलं. येत नाही कुठे म्हटलं?" तिने बेल्ट ओढला आणि स्वतः लावला. "उशी द्या ती मागची. आणि चहा संपवा लवकर, पुढे घाट आहे."

उशी दिली. कुठे ठेवायची ते विचारून दिली. निलेश हॉर्न वाजवतोय, वही मिटतो.